कॉलेजची फी: आधी कागद, मग कर्ज



इंदापूर तालुक्यातल्या एका गटाच्या सभेतली गोष्ट सांगते. बचत गोळा झाली, हप्ते झाले, रजिस्टर बंद करायची वेळ आली तेव्हा एक ताई म्हणाल्या, "मला पन्नास हजार पाहिजेत. पोरीचा फार्मसीला नंबर लागलाय. कॉलेजवाले म्हणत्यात, आठ दिवसांत पैसे भरा."

सभा गप्प झाली. मग एकेक जण बोलायला लागली. एक मावशी म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर शेळी विते. कॉलेजला दिलेलं कर्ज फिटणार कुठून?" दुसऱ्या म्हणाल्या, "गटात आहेत सगळे मिळून साठ हजार. पन्नास एकीलाच दिले तर पेरणीला बाकीच्यांनी काय करायचं?" दोघींचंही खोटं नव्हतं. जून-जुलैत घरात पैसा नसतो. उसाचं बिल हातात नसतं, बियाणं-खत घ्यायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच फी भरायची वेळ येते.

मी ताईंना म्हटलं, "फीचा कागद आणलाय का?" त्यांच्या पिशवीत होता. बघितलं तर एकूण फी ८० हजार. त्यातलं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळून ६६ हजार. मुलगी ओबीसी, प्रवेश कॅप राउंडमधून, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या कितीतरी खाली. म्हणजे ते ६६ हजार तिला माफ होते! राहिले १४ हजार, आणि पुस्तकं, ड्रेस, एसटी पासाला पाच-सहा हजार. गटाने एकमताने २० हजार दिले. दुसऱ्या दिवशी मुलगी आणि तिचे मामा कॉलेजात गेले, शासन निर्णयाची प्रत दाखवली, आणि प्रवेश झाला.

आता हिशोब बघा. त्या गटाचं व्याज महिना दोन टक्के. ५० हजार घेऊन महिना २ हजार मुद्दल फेडली असती, तर २५ महिन्यांत १३ हजार रुपये व्याज गेलं असतं. २० हजार घेऊन तसेच २ हजार फेडले, तर १० महिन्यांत व्याज होतं २,२००. फीचा कागद नीट वाचला म्हणून एका घराचे जवळजवळ ११ हजार रुपये नुसत्या व्याजाचे वाचले.

या अंकात म्हणूनच हा धडा. आपल्याकडे पोरीचं कॉलेज पैशावाचून अडतं असं आपण म्हणतो. पण बऱ्याच वेळा पैसा शासनाकडे मंजूर असतो, अडतो तो कागदापाशी आणि तारखेपाशी. आणि तिथे अडलं की आपण थेट कर्जाकडे पळतो.

माझ्याच घरची चूक

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे आईवडील दोघंही मजुरीला जाणारे. बी.ए. झाल्यावर मी एम.एस.डब्ल्यू.ला पुण्याला गेले. शिष्यवृत्तीचा फॉर्म गावाकडच्या एका नेट कॅफेत भरला. त्या भावाने फॉर्मवर मोबाईल नंबर टाकला स्वतःचा, आणि मी काही बोलले नाही. मला वाटलं, फॉर्म भरला म्हणजे झालं काम.

फॉर्म परत आला होता. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा जोडला गेला होता. तसा मेसेजही गेला, पण कॅफेवाल्याच्या मोबाईलवर. कॉलेजच्या ऑफिसातून मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही तीन महिने पोर्टल उघडून बघितलं नाही. बघितलं तेव्हा तारीख गेलेली. ते पूर्ण वर्ष हातचं गेलं.

आईने तिच्या गटातून २५ हजार काढले आणि महिना १,२५० मुद्दलीने २० महिने फेडले. व्याज गेलं ५,२५०. त्या २० महिन्यांत आई एकदाही आजारी पडली नाही, कारण तिने पडायचंच नाही असं ठरवलं होतं. खाडा झाला तर हप्ता चुकणार. एका दाखल्याची तारीख चुकली, त्याची किंमत आईने अशी मोजली.

म्हणून आता जिथे जाते तिथे आधी विचारते, "बारावीला कोण आहे घरात? दाखले काढलेत का?"

पहिला धडा: फी म्हणजे एकच रक्कम नसते

कॉलेज आकडा सांगतं एकच. पण तो तीन-चार भागांचा असतो. फीचं पत्रक मागून घ्या आणि त्यावर चार गोष्टी शोधा.

१. शिक्षण शुल्क. सगळ्यात मोठी रक्कम हीच, आणि माफी किंवा शिष्यवृत्ती मिळते ती मुख्यतः हिच्यावरच.

२. परीक्षा शुल्क. हेही बहुतेक योजनांत धरलेलं असतं.

३. विकास शुल्क, लायब्ररी, जिमखाना, अनामत. हे बहुतेक वेळा आपल्यालाच भरावे लागतात. अनामत कोर्स संपल्यावर परत मिळते, तिची पावती जपून ठेवा.

४. राहणं, जेवण, प्रवास. हे फीच्या पत्रकावर दिसत नाही, पण घराला जड हेच जातं.

आणखी एक प्रश्न नक्की विचारा: "ही तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित?" एकाच कॉलेजात, एकाच इमारतीत दोन्ही असतात. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अनुदानित तुकडीची फी कमी असते. बी.बी.ए., बी.सी.ए. यांसारखे कोर्स बहुतेक विनाअनुदानित असतात आणि त्यांची फी जास्त. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, शारदानगरचं शारदाबाई पवार महिला महाविद्यालय, इंदापूरचं कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय ही आपल्या जवळची. मुलगी घरून एसटीने ये-जा करू शकली, तर राहण्या-जेवणाचा खर्चच येत नाही. बारावीपर्यंत ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटी फुकट आहे. त्यानंतर विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा.

दुसरा धडा: मुलींची १०० टक्के फी माफी

राज्य शासनाने जुलै २०२४ मध्ये निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक म्हणजे ईडब्ल्यूएस, सामाजिक व शैक्षणिक मागास म्हणजे एसईबीसी, आणि इतर मागास वर्ग, यातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. आधी ही सवलत ५० टक्के होती. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ती पूर्ण झाली. अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या योजना वेगळ्या आहेत, त्या पुढे सांगते.

व्यावसायिक अभ्यासक्रम म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, दहावीनंतरचा डिप्लोमा, मेडिकल, कृषी वगैरे. बी.बी.ए. आणि बी.सी.ए.लासुद्धा २०२४ पासून सीईटी आणि कॅप राउंड आहे.

आता यातली मेख नीट वाचा, कारण पोरी इथेच फसतात.

माफी मिळते कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर थेट प्रवेश घेतला, तर माफी नाही. खाजगी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल, तरी माफी नाही.

निकाल लागला की फोन सुरू होतात. "मॅडम, दहाच सीट राहिल्यात, आज पंधरा हजार भरा, सीट पक्की." घरचे घाबरतात आणि भरतात. तो प्रवेश कॅपबाहेरचा निघाला, तर फुकट होणाऱ्या शिक्षणाची तीन-चार वर्षं पूर्ण फी भरत बसावी लागते. म्हणून फोनवर कुणी घाई केली तर एकच विचारायचं: "हा प्रवेश कॅपमधून आहे का? तसं लिहून द्या." लिहून देत नसतील तर पैसे द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, मूळ कागद. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला वगैरे मूळ प्रती तपासून परत द्यायच्या असतात. त्या कॉलेजने अडकवून ठेवू नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली काढलेल्या सूचनेत सांगितलं आहे.

तिसरा धडा: आपल्याला कोणती योजना लागते?

"आम्ही ओपनमधले, आम्हाला कुठलं काय मिळतंय" असं खूप ताया म्हणतात. तसं नाही. खाली आपल्या भागातल्या घरांना लागू पडणाऱ्या योजना देते. ज्यांच्यापुढे वेगळं लिहिलेलं नाही, त्यांचे फॉर्म महाडीबीटी पोर्टलवर असतात. स्वाधारसारख्या निर्वाह भत्त्यांची चौकशी मात्र समाजकल्याण, आदिवासी विकास किंवा बहुजन कल्याण कार्यालयात आधी करून घ्या.

• राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती: खुल्या वर्गासाठी, उत्पन्न ८ लाखांपर्यंत. मुलांना शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ.

• भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती: अनुसूचित जाती आणि जमातीसाठी, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत. फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही. इतर मागास, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठीही मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे.

• राहण्या-जेवणासाठी: शासकीय वसतिगृहाला आधी अर्ज करा. नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, जमातीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या वर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता.

• बांधकाम कामगारांच्या मुलांसाठी: गवंडी, सेंट्रिंग, बिगारी काम करणाऱ्याने बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी केली असेल, तर पहिल्या दोन मुलांना अकरावी-बारावीला वर्षाला १० हजार, पदवीला २० हजार, इंजिनिअरिंगला ६० हजार, मेडिकलला १ लाख रुपये मिळतात. फॉर्म मंडळाकडे. नोंदणीला मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नोंदणी चालू ठेवावी लागते. आपल्या किती घरात गवंडीकाम आहे, पण कार्ड नाही!

• प्रगती शिष्यवृत्ती: इंजिनिअरिंगसारख्या तांत्रिक पदवी किंवा डिप्लोमाच्या मुलींसाठी वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. फॉर्म राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर.

• केंद्राची गुणवत्ता शिष्यवृत्ती: बारावीला बोर्डात वरच्या २० टक्क्यांत आलेल्या, साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलांना पदवीसाठी वर्षाला १२ हजार. हीसुद्धा राष्ट्रीय पोर्टलवर.

एकाच वर्षी दोन शासकीय शिष्यवृत्त्या सहसा चालत नाहीत. म्हणून फॉर्म भरण्याआधी कुठली जास्त फायद्याची ते बघा.

• कमवा व शिका: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या कॉलेजांत कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. लायब्ररीत, ऑफिसात, बागेत तासावर काम करायचं आणि मानधन घ्यायचं. कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे पहिल्या महिन्यातच नाव द्या. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः लायब्ररीत पुस्तकं लावली आहेत.

चौथा धडा: कागदांची पिशवी

बारावीच्या निकालानंतर दाखले काढायला गेलं की सेतूत रांग, सर्व्हर बंद, तलाठ्याची सही राहिलेली, आणि कॅपची तारीख डोक्यावर. म्हणून हे काम अकरावीतच सुरू करायचं. घरात एक जाड पिशवी करा, तिच्यावर मुलीचं नाव घाला, आणि त्यात हे ठेवा:

• आधार कार्ड. त्यावरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का, बघा.
• दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला.
• रेशन कार्ड.
• अधिवास म्हणजे डोमिसाईल.
• तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. चालू वर्षाचा लागतो, आणि माझं वर्ष गेलं ते याच कागदावर!
• जातीचा दाखला. इतर मागास, एसईबीसी आणि भटक्या-विमुक्तांना त्यासोबत नॉन क्रिमिलेअर. खुल्या वर्गाला ईडब्ल्यूएस दाखला.
• जात पडताळणी. याला सगळ्यात जास्त वेळ लागतो. अकरावीतच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे अर्ज टाका. आजोबा-पणजोबांचे शाळेचे किंवा महसुली जुने पुरावे लागतात, ते शोधायलाच महिने जातात.
• प्रवेश झाल्यावर: कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीच्या सगळ्या पावत्या.

सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स काढा. मूळ कागद कुणाकडे सोडून यायचे नाहीत.

पाचवा धडा: खातं, आधार आणि मोबाईल

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे खात्यावर येत नाहीत, त्याचं मोठं कारण आधार सीडिंग. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं असं नाही. थेट लाभासाठी खातं आधारला जोडायचा वेगळा फॉर्म बँकेत भरावा लागतो. एका आधारवर दोन-तीन खाती असतील, तर शेवटी जे जोडलं त्यावर पैसे जातात. किती ताया वर्षभर चुकीच्या खात्याकडे डोळे लावून बसतात! बँकेत जमत नसेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमनकडूनही काढता येतं.

आणखी चार नियम:

१. फॉर्मवर मोबाईल नंबर मुलीचा किंवा आईचा. दुसऱ्या कुणाचाही नाही.

२. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. ओटीपी कुणाला सांगू नका.

३. फॉर्म भरल्यावर दर पंधरा दिवसांनी पोर्टल उघडून बघा. फॉर्म परत आला असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवा. आणि दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, पहिल्या वर्षीचा फॉर्म पुढे आपोआप चालत नाही.

४. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर येते, आणि त्यात कॉलेजची फीसुद्धा असते. ती फी कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असली की हात जातो, मला माहीत आहे. पण ते पैसे खर्च झाले, तर पुढच्या वर्षी कॉलेजची थकबाकी उभी राहते.

सहावा धडा: तरीही कमी पडलं, तर कर्ज कुठून?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणाला पैसे नसायचे तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. गरिबाच्या पोरांचं शिक्षण बायकांच्या सोन्यावर उभं राहिलेलं आहे, हे आपण विसरायचं नाही. पण तेव्हा दुसरा रस्ताच नव्हता. आज आहे. म्हणून सोनं शेवटी.

कर्जाचा क्रम असा ठेवा:

आधी गट. पण थोड्या रकमेला आणि थोड्या दिवसांसाठी. शिष्यवृत्ती यायची आहे आणि मध्ये सहा-आठ महिने काढायचे आहेत, एवढ्यापुरतं. महिना दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, हे लक्षात ठेवा. चार वर्षांच्या फीला हे व्याज परवडत नाही.

मग बँकेचं शैक्षणिक कर्ज. मोठी रक्कम आणि जास्त वर्षं असतील तर हेच बरं. चार लाखांपर्यंत आपला हिस्सा भरावा लागत नाही. क्रेडिट गॅरंटीमुळे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार होतात. हप्ते सुरू होतात कोर्स संपल्यावर साधारण एक वर्षाने. तोपर्यंत व्याज मात्र चढतं. समजा, वर्षाला ५० हजार असे चार वर्षं २ लाख घेतले आणि व्याज दहा टक्के धरलं, तर हप्ता सुरू होईपर्यंत साध्या हिशोबाने ७० हजार व्याज होतं. पण कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. बँकेत गेल्यावर "व्याज अनुदान योजनेचा फॉर्म द्या" असं स्वतःहून म्हणायचं. नामांकित संस्थेत नंबर लागला असेल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्यात तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत.

त्यानंतर सोनं, तेसुद्धा बँकेत तारण. सावकाराकडे नाही.

आणि दारावर येणारे फायनान्सवाले? त्यांचा हप्ता पुढच्याच आठवड्यापासून किंवा महिन्यापासून सुरू होतो, आणि शिक्षणातून पैसा यायला तीन-चार वर्षं लागतात. मग एका फायनान्सचा हप्ता भरायला दुसरं फायनान्स काढावं लागतं. फीसाठी हा रस्ता नकोच.

सातवा धडा: गट काय करू शकतो?

त्या मावशींचा प्रश्न मी विसरलेले नाही. कॉलेजला दिलेलं कर्ज फिटणार कुठून? माझं उत्तर असं: शिष्यवृत्तीचा मंजूर फॉर्म किंवा फी माफीचा कागद हातात असेल, तर गटाला फक्त मधली फट भरायची असते, आणि दहा-वीस हजारांची फट मजुरीतून, दुधातून फिटते. पण कागद नसताना लाखाच्या फीला गटाने कर्ज दिलं, तर मावशींचीच भीती खरी ठरेल. म्हणून कर्ज मंजूर करताना गटाने दोन कागद बघावेत, फीचं पत्रक आणि शिष्यवृत्तीच्या फॉर्मची पावती.

तीन ठराव सुचवते. पटले तर सभेत घ्या.

एक, शिक्षणाच्या छोट्या कर्जाला महिना एक टक्का व्याज. २० हजारांचं १० महिन्यांचं व्याज २,२०० वरून १,१०० वर येतं. गटाला थोडा तोटा आहे, तो सगळ्यांनी मिळून मान्य करायचा.

दोन, दर वर्षी जानेवारीच्या सभेत दहावी-बारावीच्या मुलामुलींची यादी करायची, आणि कुणाचा कोणता दाखला राहिलाय ते रजिस्टरला लिहायचं. सीआरपी ताईंनी ती यादी ग्रामसंघात द्यावी. दहा जणी एकत्र सेतूत गेल्या तर प्रत्येकीचा खाडा वाचतो.

तीन, ज्या घरातली मुलगी आधी कॉलेजला गेली आहे, तिने पुढच्या वर्षीच्या मुलीचा फॉर्म भरायला शेजारी बसायचं. माझ्या शेजारी तेव्हा कुणी बसलं असतं, तर आईचे २० महिने वाचले असते.

ज्यांच्या मुली लहान आहेत त्यांनी आत्ताच सुरुवात करा. आठवीपासून महिना २०० रुपये वेगळे टाकले, तर बारावीपर्यंत पाच वर्षांत १२ हजार मुद्दल होते. पहिल्या वर्षीची फट एवढ्यातच भरते. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडा, वर्षाला किमान २५० रुपये. दहावी झाल्यावर किंवा अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणाला काढता येते.

सभेत बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गटात या वर्षी दहावी, अकरावी, बारावीला किती मुलं-मुली आहेत? कुणाची जात पडताळणी झालेली नाही?

२. आपल्या मुलीचं कोणतं खातं आधारला जोडलेलं आहे, हे किती जणींना नक्की माहीत आहे?

३. मुलाच्या फीला कर्ज मागितलं आणि मुलीच्या फीला मागितलं, तर आपण सारखाच विचार करतो का? खरं सांगा.

४. शिक्षणाच्या कर्जाला कमी व्याज ठेवायचं का? किती रकमेपर्यंत?

ती फार्मसीची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या आईने गटाचे २० हजार ठरल्यावेळी फेडले. परवा सभेला गेले तर त्याच मावशी, शेळीवाल्या, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझी नात आवंदा अकरावीला गेली. ती पडताळणी का काय म्हणतीस, तिचा फॉर्म कधी आणतीस?"

पुढच्या सभेला येताना घेऊन येते. तुम्ही पिशवी तयार ठेवा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, बारामती-इंदापूर विभाग